लोकप्रियतेचे आयुष्य

ग्रंथालयाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहावयाचा तर संस्थापकांची नावे, देणग्या आणि ठराव यांची नोंद घ्यावीच लागते. परंतु वाचकांचा इतिहास असतो तो देवघेवीच्या नोंदवह्यांत. ज्या पुस्तकासाठी सभासद आठवडे-आठवडे वाट पाहत, ते दोन पिढ्यांनंतर कोणी मागतही नाही. उलट एखादी शतकापूर्वीची कृती अद्याप ओठांवर असते. असे का व्हावे? चांगले तेवढे टिकते, हे उत्तर सोयीचे खरे. पण इतिहास त्याला पुरता दुजोरा देत नाही.

बाबूराव अर्नाळकरांचे (1906–1996) उदाहरण घ्या. त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांच्या साहसांनी मराठी वाचकांच्या पिढ्या जागवल्या. आम्हां इंदूरच्या मुलांनीही त्या कथा क्रमिक पुस्तकाआड लपवून वाचल्या. आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पुस्तके मात्र क्वचितच उघडली जातात. रहस्यकथेची ओढ ‘पुढे काय?’ या प्रश्नात असते आणि उत्तर मिळताच ती ओसरते. शेरलॉक होम्सच्या कथा गुन्हेगार ठाऊक असूनही पुन्हा वाचल्या जातात, कारण वाचक तेथे होम्सच्या सहवासासाठी जातो.

याउलट 1882 साली रंगभूमीवर आलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ पाहा. सुभद्रेचा विवाह अर्जुनाशीच होणार, हे पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होते. उत्कंठेवर नाटकाची भिस्त नव्हतीच. ती होती पदांवर आणि कृष्णाच्या मिस्कील खेळावर. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) जरठ-बाला विवाहाचा प्रश्न तेव्हा ज्वलंत होता. काळाबरोबर त्याची धग निवाली, तरी पदे गायिली जातच राहिली. ज्याचा शेवट कळल्यावरही ज्याच्याकडे पुन्हा जावेसे वाटते, ते टिकण्याची शक्यता अधिक, असा पहिला निष्कर्ष यातून काढता येईल.

परंतु अंगचा गुण एकटा पुरत नाही. त्याला जतन करणारा हात लागतो. शाहिरांची कवने पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी चालत आली होती. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी अ‍ॅक्वर्थसाहेबांच्या सहकार्याने पोवाडे जमवून 1891 मध्ये छापले नसते, तर त्यांतील कितीएक गायकांबरोबरच लोपले असते. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर होनाजी बाळा यांना नवा श्रोतृवर्ग लाभला, तो व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (1951) या चित्रपटामुळे. वसंत देसाई यांच्या संगीतात त्या भूपाळीला ज्यांचा स्वर लाभला, त्या लता मंगेशकर 1929 साली आपल्या इंदुरातच जन्मल्या, हे येथे सांगावयास हवेच असे नाही.

आपल्या मध्यभारताचे कवी भा. रा. तांबे (1873–1941) यांचेही असेच झाले. माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता 1935 साली संपादित केली. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले होते. पुढे वसंत प्रभूंच्या चाली आणि लताबाईंचा स्वर लाभून, ज्यांनी तो ग्रंथ कधी हाती धरला नाही अशा घरांतही तांब्यांची कविता पोहोचली. माणूस गेल्यावर जग क्षणभर हळहळते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते, असे सांगणारी त्यांची कविताच लोकांनी विसरू दिली नाही, हा काळाचा केवढा विनोद! पण ग्रंथ जपलेला नसता, तर संगीतकाराने शब्द आणले कोठून असते?

येथे एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका ग्रंथसंग्रहाच्या छाननी समितीवर होतो. रहस्यकथांच्या फाटक्या प्रतींवर ‘जीर्ण व निरुपयोगी’ असा शेरा मारून त्या रद्दीत घालण्याच्या यादीवर मीही सही केली. पुढे माझ्या एका विद्यार्थिनीने येथील मराठी वाचकांच्या आवडीनिवडीवर प्रबंध लिहावयास घेतला, तेव्हा त्यांतील एकही प्रत मी तिला दाखवू शकलो नाही. मजकुराची दुसरी प्रत एखादे वेळी अन्यत्र मिळेल. परंतु ते पुस्तक कोणत्या वर्षी किती हातांतून फिरले, हे सांगणारी मागील पानावरची तारखांची चिठ्ठी पुन्हा मिळणार नाही. आपल्या आजोबांनी काय आवडीने वाचले, याचा पुरावाच आम्ही किलोच्या भावाने विकला होता.

काय टिकेल, याचा निवाडा समकालीनांना करता येत नाही. समितीला तर नाहीच. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने सभासदांना व आश्रयदात्यांना एवढीच विनंती, की आज कोणी मागत नाही अशा लोकप्रिय पुस्तकांसाठीही एक कपाट राखून ठेवावे. उद्या त्यांना कोणी शाळिग्राम भेटेल की नाही, हे आपल्या हाती नाही. तो आलाच तर कपाट रिकामे नसावे, एवढे मात्र आहे.