शॉकअपचं कूळ

जुन्या पुणे-मुंबई हायवेवर ट्रकच्या पाट्यांचं काम करणाऱ्या गॅरेजात एखादी कमान पूर्ण सोडलेली दिसली, तर दोन मिनिटं थांबून बघावी. मधला बोल्ट काढला की आठ-दहा पाटे सुटे होतात. सगळे गंजलेले, पण टोकाकडे, जिथे एक पाटा दुसऱ्यावर घासत आलेला असतो, तिथे लोखंड आरशासारखं चकाकतं. शॉकअपचं कूळ या चकाकीत आहे.

स्प्रिंगचा स्वभाव साठवायचा. खड्ड्यात दाबली गेली की दाबलेलं सगळं परत करते, आणि मधे कुणी ते खर्च केलं नाही तर गाडी डुलत राहते. कमानीत तो खर्च पाट्यांच्या घर्षणातून आपोआप होई. एकाच वस्तूकडून दोन कामं. आज कामशेतला स्विफ्ट किंवा पोलो घेऊन 'कुठलं सस्पेन्शन टाकू?' म्हणून विचारणाऱ्या पोराचा सगळा गोंधळ ही दोन कामं वेगळी न ओळखण्याचा आहे.

कमानीआधी उंची बग्ग्यांचा सांगाडा चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेला असे. 1804 मध्ये लंडनच्या ओबाडिया एलियटने लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं आणि बग्गी पट्टे सोडून कमानींवर बसली. बोरघाटात तेव्हा पालख्या, तट्टू आणि पाठीवर ओझं लादलेले बैल यांचंच राज्य होतं. घाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमने नोव्हेंबर 1830 मध्ये खुला केला, तेव्हा कुठे कमानीच्या गाड्यांना मावळात चढायला वाट मिळाली. मावळातल्या बैलगाडीचं मात्र कमानीवाचून कधी अडलं नाही. त्या चालीत हादरे सोसतात.

मोटार आली आणि वेगाने पाट्यांचं पितळ उघडं पाडलं. बारीक खडीवर पाटे एकमेकांना चिकटून राहत, गाडी दगडासारखी. मोठ्या खड्ड्यात सुटत, गाडी होडीसारखी. मग फ्रान्समध्ये त्रुफोने घर्षणाच्या चकत्यांचं वेगळं यंत्र केलं आणि एडवर्ड हार्टफर्डने ते अमेरिकेत विकलं. पण घर्षण शेवटी घर्षणच: सुरुवातीला अडतं, नंतर वेग कितीही असो, विरोध तेवढाच. तेलाने हे कोडं सोडवलं. बारीक छिद्रातून तेल हळू ढकला, वाट देतं. जोरात ढकला, अंगावर येतं. फ्रान्सच्याच मॉरिस उदाईने तेलावर चालणारे शॉकअप केले, पुढे अमेरिकेत मन्रो कंपनीने 1926 पासून, आणि हळूहळू आजची नळीसारखी घडण रुळली. भारतात गॅब्रिएल इंडिया 1961 ची, मुंबईतल्या मुलुंडची. आता तिचा कारखाना चाकणलाही आहे.

गुंडाळी स्प्रिंग आल्यावर तेलाच्या शॉकअपला पर्यायच उरला नाही, कारण तिच्यात घासायला काही नसतं. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीत दोन्ही पिढ्या एकत्र नांदल्या: पुढे गुंडाळी, मागे पाटे. ही दोन कामं एका खांबात बसवली अर्ल मॅकफर्सनने. जनरल मोटर्समध्ये तो कॅडेट नावाच्या छोट्या शेवरलेवर काम करत होता; 1947 मध्ये कंपनीने ती गाडी गुंडाळली आणि तो फोर्डकडे गेला. 1950 च्या इंग्लिश फोर्ड कॉन्सलखाली त्याचा खांब होता, मारुती 800 च्या पुढच्या चाकांतही तोच आला. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा सोडणारा. पण त्याची एक खोड आहे: वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं, आणि टायर कडेवर घासतो.

कॉइलओव्हर हा त्या खांबाचा शर्यतीतला भाऊबंद. नळीवर आटे पाडलेले, बैठक फिरवली की गाडीची उंची बदलते. सततच्या माराने तेल तापून फेसाळतं, त्यावर फ्रेंच इंजिनिअर बुर्सिए द कार्बोनने तेलामागे दाबाखालचा वायू कोंडला. तीच पद्धत उचलून बिल्स्टाइनचे शॉकअप 1957 पासून मर्सिडीझला लागले.

चाकणला बनलेली पोलो 2010 पासून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पोलो कपमध्ये धावली, आणि तेव्हापासून तसलीच गाडी घराखाली उभी असावी असं वाटणारे बरेच झाले. पण शर्यतीची गाडी गुळगुळीत डांबरासाठी बांधलेली असते. घरच्या गाडीचं अंग सेकंदाला साधारण सव्वा-दीड वेळा डुलतं. ट्रॅकवरच्या गाडीचं दोन किंवा जास्त. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटचे सांधे साडेचार मीटरवर धरले, तर शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके. एवढे ठोके पचवण्याची जबाबदारी मुख्यतः मऊ स्प्रिंगची. स्प्रिंग कडक केली की ते थेट माणसाच्या कण्यात येतात, आणि चाकाची पकडही ढिली पडते.

त्याहून वाईट म्हणजे कटरने स्प्रिंग कापणं. आठ चालत्या वेढ्यांमधला एक कापला की उरलेली सुमारे चौदा टक्के कडक होते, आणि वर प्रवासाची जागा गेली. मग गाडी रबरी बंपस्टॉपवर बसते आणि खरी स्प्रिंग तो रबरच होतो. मॅकफर्सनच्या गाडीला फार खाली आणलं तर आणखी एक गंमत घडते. खालचा हात चाकाकडे वर झुकतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो तिच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त घसरतो, आणि बसकी गाडी वळणावर उंच गाडीपेक्षा अधिक कलू पाहते. दिसायला झकास, हे खरं.

म्हणून माझा क्रम असा: आधी टायर, मग झिजलेले बुश, मग चांगले शॉकअप, अलाइनमेंट करून घ्या, आणि त्यानंतरच स्प्रिंगला हात लावा. तोही थोडाच: वीस-पंचवीस मिलिमीटर पुष्कळ झाले. चाकांचा आतला कल रस्त्यावर एक-दीड अंश ठेवावा. ट्रॅकसाठी अडीच-तीन अंश, पण त्यावर रोज पुण्याला ये-जा केली तर टायरची आतली कड लवकर संपते.

फिरवायचे क्लिक असलेले शॉकअप घेतले, तर रिबाउंड म्हणजे स्प्रिंग परत उघडतानाचा विरोध. तो फार कसला की एका सांध्यावर दाबलेली स्प्रिंग पुढचा सांधा येईपर्यंत उघडतच नाही, आणि गाडी ठोक्याठोक्याला खाली बसत जाते. चेन्नईहून किंवा कोइमतूरहून ट्रॅक करून परतणाऱ्याने घरच्या वाटेला लागण्याआधी रिबाउंडचे दोन-तीन क्लिक मोकळे करावेत आणि टायरची हवाही कंपनीच्या आकड्यावर आणावी.