हवा कमी, चाक मोठं

अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या, रांगेने उभ्या असतात. त्यातल्या एकीच्या मागच्या टायरवर मी अंगठा दाबला आणि तो चक्क आत गेला. टायरच्या बाजूवर आकडे होते : २५×१०-१२. पहिला आकडा चाकाच्या उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा रिमच्या व्यासाचा, सगळे इंचांत. मोटारीत आपण तीस पौंड हवा भरतो. ही गाडी पाच-सहा पौंडांवर धावते. आज हौशी लोक २८, ३०, ३२ इंची टायर घेतात, गाडी उचलणारी लिफ्ट किट बसवतात आणि छातीएवढी उंच झालेली एटीव्ही चिखलात घालतात. त्या सगळ्या उंचीच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे हा मऊ टायर. मऊपणा आधी आला, उंची मागाहून.

कुळाचा शोध घेत गेलं की माग अलास्कापर्यंत पोचतो. तिथे शिक्षक म्हणून राहिलेल्या विल्यम अल्बी या गृहस्थाने किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी जड होडी पाण्याबाहेर कशी काढतात ते पाहिलं. सीलच्या कातड्याच्या पिशव्या फुगवून होडीखाली घालायच्या आणि त्यांच्यावरून ती लोळवत न्यायची. अल्बीने १९५०च्या दशकाच्या आरंभी चाकांच्या जागी रबरी पिशव्या लावून ‘रोलिगॉन’ नावाची गाडी केली. जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसावरून ती नेऊन दाखवल्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत, आणि त्यात जादू काही नाही. टायरमध्ये जेवढ्या दाबाची हवा, साधारण तेवढ्याच दाबाने तो जमिनीला टेकतो. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही.

१९६०च्या दशकात कॅनडात ‘जायगर’सारख्या सहा चाकांच्या, पाण्यातही चालणाऱ्या छोट्या गाड्या निघाल्या. त्यांनाही फुगीर टायर होते. पण हे टायर घरोघरी पोचवले होंडाने.

अमेरिकेतल्या होंडा विक्रेत्यांची अडचण साधी होती : हिवाळ्यात मोटरसायकल खपत नाही. बर्फात चालेल असं काहीतरी द्या, ही मागणी जपानला गेली आणि ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे काम आलं. त्याने दोन, तीन, चार, पाच, अगदी सहा चाकांचेही नमुने करून पाहिले. बर्फ, वाळू, चिखल या तिन्हींत तीन चाकं बरी ठरली. पण नेहमीचे टायर रुतत होते. मग अमेरिकेहून ‘अ‍ॅम्फिकॅट’ या सहाचाकी गाडीचे २० इंची फुगीर टायर आले आणि कोडं सुटलं. ताकेउचीने आपल्या गाडीसाठी २२ इंची टायर करून घेतले. १९७०मध्ये ‘यूएस९०’ बाजारात आली : ८९ सीसीचं इंजिन, सात अश्वशक्ती, किंमत ५९५ डॉलर. टायरमध्ये हवा जेमतेम २.२ पौंड, चालत्या माणसाच्या टाचेखालीही याहून जास्त दाब पडतो. पुढे तिचं नाव ‘एटीसी’ झालं. ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या १९७१च्या बाँडपटातली तीनचाकी ती हीच.

त्या पहिल्या टायरची एक खोड शेतकऱ्याला लगेच समजेल. कापणी झालेल्या रानात ही गाडी घातली की धसकटं टायरमध्ये घुसायची. नुसतं मऊ रबर, आत कापडाचा थर नाही. १९७५मध्ये कापडाचे थर घातलेले टायर आले तेव्हा हा त्रास कमी झाला. पायात धसकट घुसलेल्या कुणाही माणसाला ही सुधारणा किती मोलाची ते सांगावं लागणार नाही.

या गाडीला शॉकअप नव्हता. टायर हाच शॉकअप. फुगा उशीसारखा मऊ असतो, पण उसळी आवरत नाही; धक्का घेतो आणि तसाच परत देतो. तीन चाकं आणि मागे एकसंध आस, त्यात ही उसळी. वळणावर उलटण्याचे अपघात वाढत गेले, मुलं दगावली. १९८८मध्ये अमेरिकी ग्राहक-सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर सुझुकीची चारचाकी १९८२मध्ये येऊन गेली होती, होंडाची चारही चाकांना ताकद देणारी १९८६ची होती. पोलॅरिस ही मूळची बर्फगाड्यांची कंपनी. तिने बर्फगाडीतला पट्ट्यावर चालणारा आपोआप गिअर एटीव्हीत आणला. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ आहे.

चाक उंच करण्याची ओढ लागली ती लुइझियाना-टेक्सासच्या दलदलीत. ट्रकसाठी उंच दातांचे ‘सुपर स्वाम्पर’ टायर बनवणारी इंटरको लुइझियानाचीच, आणि ‘हाय लिफ्टर’ ही लिफ्ट किटची कंपनी १९९६मध्ये त्याच राज्यातल्या श्रीव्हपोर्टला सुरू झाली. गरज खरी होती. चिखल गाडीच्या पोटाला लागला की चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. मोठ्या टायरने पोट उचललं जातं, पण वाटतं तेवढं नाही. २५ची जागा २८ने घेतली तर उंची तीन इंचांनी नव्हे, दीड इंचानेच वाढते, कारण आस चाकाच्या मध्यात असते. शिवाय मोठं चाक गाडीच्या अंगाला घासतं. मग शॉकअपच्या टोकाला पट्टी लावून गाडी दोनेक इंच वर घ्यायची. साधी लिफ्ट किट ती एवढीच.

आता देणं. लिफ्टने चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा उतार वाढतो. दांड्याच्या टोकाचा सीव्ही जॉइंट वाकड्या कोनात फिरतो, त्याचा रबरी बूट घासून फाटतो, चिखल आत जातो आणि जॉइंट खडखडायला लागतो. टायरचं देणं पट्ट्याला. २५चं चाक एका फेऱ्यात ७८.५ इंच जातं, २८चं ८८ इंच. इंजिन तेच, ओझं बारा टक्क्यांनी वाढलं. त्यात चिखलाच्या टायरचं वजन. पट्टा घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येतो. म्हणून मोठ्या टायरबरोबर क्लचची वजनं आणि स्प्रिंग बदलावी लागतात. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला की उतारावर आडवी नेताना कलंडण्याची भीती वाढते, हे देणं सगळ्यात जबर.

यावर निघालेला उपाय मला फार आवडतो : पोर्टल. चाकाजवळ एक छोटी दातेरी पेटी बसते, दांडा तिच्यात वरून शिरतो आणि चाक खाली जोडलं जातं. अख्खी गाडी उचलली जाते, पण जॉइंटचा कोन वाढत नाही. पेटीतल्या दात्यांनी वेग कमी करून जोर वाढवता येतो, म्हणजे मोठ्या चाकाचं ओझंही फिटतं. युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठी घडवलेल्या उनिमॉग या गाडीला अशीच आस होती, आणि तिच्या चाकांमधलं अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांना जुळेल असं ठेवलं होतं. पीक न तुडवता वरून जाणारी ही गाडी आजच्या उंच एटीव्हीची चुलत आजी म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हा हिशेब ज्यांनी हाताने केलाय ती मुलं पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली. २००७पासून इंदूरजवळ पीथमपूरला होणाऱ्या, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडतर वाटेच्या गाड्यांच्या ‘बाजा’ स्पर्धेत वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच दहा अश्वशक्तीचं इंजिन मिळे. मोठं चाक घ्यावं तर चढावर जोर पडत नाही, लहान घ्यावं तर दगडाला पोट लागतं. कोकणातला शेतकरी तर हे कधीचं जाणतो. खाचरात चिखलणी करताना तो पॉवर टिलरचे रबरी टायर काढून लोखंडी चाकं लावतो. तिथे चिखलाखाली घट्ट थर असतो, चाकाला तो गाठायचा असतो. अशा जागी उंच आणि अरुंद चाक हवं. तळच लागत नसेल तिथे रुंद, कमी हवेचं. दोन चिखलांना एक टायर चालत नाही.

म्हणून एटीव्ही घेतलेल्यांनी आधी कमी दाब मोजणारं मापक घ्यावं आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किमान आकड्यापर्यंत हवा उतरवून पाहावी. तरी पोट टेकत असेल तर एक माप मोठा टायर, त्याच्याबरोबर क्लच, आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी. नागावच्या वाळूला २५ इंचांपेक्षा मोठं चाक लागत नाही.