पाचाड : रायगडाच्या पायथ्याचे गाव आणि राजधानी

महाड तालुक्यातील पाचाड या गावाचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा दोनच प्रसंगी येतो. एक, राजमाता जिजाबाईंचा वाडा आणि दुसरा, त्यांची समाधी. रायगडावर विपुल लेखन झाले. पायथ्याच्या या गावाकडे मात्र स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून पाहिले गेले नाही. वस्तुतः गड आणि गाव ही एकाच राजधानीची दोन अंगे होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इ. स. १६५६ च्या प्रारंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तेथून निसटलेल्या चंद्रराव मोरे यांनी रायरीचा आश्रय घेतला. परंतु त्याच वर्षी रायरीही स्वराज्यात आली. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये उभा असलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याची दुर्गमता हेच त्याचे सामर्थ्य होय. पण राजधानी केवळ दुर्गमतेवर चालत नाही. धान्य, जनावरे, वकील, व्यापारी या साऱ्यांना गडाखाली सपाटी लागते. पाचाडने ती पुरविली. सावित्रीकाठच्या महाड बंदराकडून येणारी वाट पाचाडवरून पुढे चित दरवाजा, खुबलढा बुरूज अशी चढत महादरवाजाला भिडे. युरोपातही जिनिव्हा सरोवराकाठचा शिलॉनचा किल्ला त्याच्या पायथ्याच्या रस्त्यावाचून समजत नाही. तेथे जकात रस्त्यावर होती, म्हणून किल्ला होता.

या संदर्भात मे १६७४ मधील एक प्रसंग लक्षणीय आहे. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकापूर्वी पाचाडास पोहोचला, तेव्हा महाराज भवानीच्या दर्शनासाठी प्रतापगडावर गेले होते. वकिलाला पायथ्याशीच तंबू ठोकून थांबावे लागले. बोलणी निराजीपंतांमार्फत सुरू झाली. परक्या राज्याच्या प्रतिनिधीला गडावर कधी घ्यावयाचे, हे ठरेपर्यंत त्याला थोपवून धरणारे राजधानीचे अंगण म्हणजे पाचाड, असे यावरून म्हणता येते.

जिजाबाईंसाठी पाचाडास वाडा बांधण्याचे कारण, गडावरील थंड वारा त्यांना मानवत नव्हता, असे परंपरेने सांगितले जाते. ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. तथापि केवळ प्रकृतीच्या कारणास्तव उभारलेल्या निवासाला एवढी भक्कम तटबंदी कशासाठी, हा प्रश्न उरतोच. आज तेथे तट, प्रवेशद्वार, इमारतींची जोती आणि दोन विहिरी दिसतात. त्यांपैकी एकीजवळ टेकून बसण्याजोगा दगड असल्याने तिला ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात. जिजाबाई तेथे बसून पाण्याला येणाऱ्या बायकांची विचारपूस करीत, अशी लोककथा आहे. कथेचा पुरावा म्हणून उपयोग जपूनच करावा लागेल. तरी राजमातेचे वास्तव्य रयतेच्या वाटेवर होते, एवढे स्थळच सांगते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाईंचे पाचाड येथे निधन झाले. अभिषेकाचे वैभव आणि राजकुळाचा शोक यांमध्ये एका डोंगराच्या चढणीचेच अंतर होते.

पायथा ज्याच्या हाती, गडाची कोंडी त्याच्या हाती, हे पुढे दोनदा दिसून आले. इ. स. १६८९ मध्ये इतिकादखानाने रायगडास वेढा घातला. राजाराम महाराज एप्रिलमध्ये बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. इ. स. १७३३ मध्ये गड पुन्हा मराठ्यांकडे आला. १० मे १८१८ रोजी इंग्रजांनी तो घेतला, तेव्हाही समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून झालेला तोफांचा मारा निर्णायक ठरला.

१९९६ पासून हिरकणीवाडीहून रज्जुमार्ग सुरू झाल्यावर अनेक प्रवासी पाचाडास न थांबताच वर जातात. वाड्याच्या जोत्यांचे तपशीलवार मोजमाप करून त्यांची गडावरील राजवाड्याच्या जोत्यांशी तुलना केल्यास, वरच्या आणि खालच्या वस्तीतील कामांची वाटणी कशी होती, यावर अधिक प्रकाश पडू शकेल.