चिखलाचे टायर आणि ओलं डांबर

गेल्या जूनमध्ये ताम्हिणी घाट उतरताना मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. वेग जेमतेम चाळीस. पायाखाली एबीएसची थरथर जाणवत होती, स्टिअरिंग हातात होतं, आणि तरीही दोन टनांची गाडी समोरच्या टेम्पोकडे निवांत सरकत होती. शेवटी वीतभर अंतर राहिलं. शेजारी बाबा बसले होते. बऱ्याच वेळाने ते एवढंच म्हणाले, "नवीन टायर ना रे हे?"

नवीनच होते. ऑल-टेरेन, रबराचे जाड ठोकळे, मधल्या खाचांत बोट बुडेल इतके खोल. दुकानदार म्हणाला होता, पावसाळ्याचं टेन्शन संपलं. मलाही ते पटलं होतं. चिखलात पकडतो तो टायर पाण्यात पकडणारच, नाही का? शिवाय फोर बाय फोर. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. चारही चाकांना ताकद मिळते तिचा उपयोग निघायला होतो, थांबायला नाही. हे मला घाटात कळलं आणि बाकीचं घरी येऊन वाचताना.

टायर घसरू नये ही धडपड जुनी आहे. 1908 मध्ये फायरस्टोनने टायरच्या पृष्ठभागावर चक्क 'नॉन स्किड' हीच अक्षरं उठवली होती. अक्षरांच्या कडांनी रस्ता धरायचा आणि मागे जाहिरातही उमटत जायची. पण ऑल-टेरेनची वंशावळ तिथून येत नाही, ती लष्करातून येते. 1941 च्या विलीस जीपला 6.00-16 आकाराचे 'एनडीटी' टायर होते, म्हणजे नॉन-डायरेक्शनल ट्रेड. तिरपे, जाड पट्टे. गाडी पुढे जावो की मागे, पकड सारखीच. हे पट्टे जमिनीत रुततात आणि मातीलाच ढकलून गाडी पुढे नेतात. तिथे रबर किती चिकटतं याला फारशी किंमत नाही.

हीच जीप 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत, माझगावला महिंद्राने जोडायला घेतली. पुढे कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतल्या जीपगाड्यांखाली तेच पट्ट्यांचे टायर दिसत. माझ्या मामाकडेही अशी एक होती. मी फोन करून विचारलं, "मामा, तुमची जीप पावसात घसरायची का हो?"

"घसरायची की! पण चाळीसच्या वर जायची कुठे ती?"

जीपचा कमाल वेग कागदावर ताशी शंभरच्या जवळपास होता. मामाच्या जीपने तो कागद वाचला नसावा. गंमत अशी की रस्ते गुळगुळीत झाले, गाड्या जड आणि वेगवान झाल्या, आणि ठोकळेदार टायर मात्र शेतातून निघून हायवेवर आले. 1976 मध्ये बीएफ गुडरिचने रेडियल ऑल-टेरेन टायर आणला. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी डोंगर, असं दुहेरी आयुष्य एकाच टायरवर जगता येईल हे वचन तेव्हापासून विकलं जातंय. मीही तेच विकत घेतलं.

पाण्याचं गणित मात्र तोवर मांडून झालं होतं, तेही विमानांसाठी. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात याचा अभ्यास करत होते. 1963 च्या त्यांच्या अहवालातलं सूत्र माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला फार आवडण्यासारखं आहे, कारण त्यात घालायची गोष्ट एकच: हवेचा दाब. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण 16.7 ने गुणा. पाणी खाचांनाही पुरून उरेल इतकं साचलं असेल, तर तेवढ्या किलोमीटर वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. 32 दाबाला उत्तर येतं 94. चिखलासाठी हवा 20 वर आणली आणि परतताना भरायची विसरलात, तर 75 च्या आतच. (आपल्यातले किती जण विसरतात, हे मी विचारत नाही.)

पण मी चाळीसवर होतो आणि हवा पूर्ण होती. म्हणजे माझी गाडी तरंगली नव्हती. साचलेल्या पाण्याला वाट द्यायला माझ्या खोल खाचा पुरेशा होत्या. तेवढ्यापुरता दुकानदार बरोबरच होता. घाटात पाणी साचलंही नव्हतं. होता तो पहिल्या पावसाचा पातळ, तेलकट पापुद्रा. आणि त्याच्याशी खाचा लढत नाहीत, रबर लढतं.

हे उलगडलं केंब्रिजमध्ये. 1950 च्या दशकात डेव्हिड टेबर आणि त्यांचे सहकारी ओल्या रबराच्या घर्षणाच्या मागे लागले होते. पाणी आलं की रबर आणि दगड यांचं थेट चिकटणं जवळपास संपतं. उरतं ते खडीच्या टोकांवरून जाताना रबराचं दबणं. दबलेलं रबर लगेच उसळून परत आलं तर दिलेली ऊर्जा परत मिळते, अडवणूक होत नाही. ते आळसावत परत आलं तर ऊर्जा उष्णतेत जिरते, आणि तेच घर्षण. थोडक्यात, टप्पा न खाणारा चेंडू ज्या रबराचा, तेच रबर पावसात चांगलं. पण असं रबर तापतं आणि इंधन जास्त खातं. ही कोंडी मिशेलिनने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काजळीच्या जागी सिलिका मिसळून बरीचशी फोडली.

ऑल-टेरेनची अडचण अशी, की त्याला टोकदार दगडही झेलायचे असतात. त्याचे तुकडे उडू नयेत म्हणून मिश्रणात चिवटपणाला प्राधान्य मिळतं, ओल्या पकडीला नंतर. त्यात रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि जे टेकतं ते उंच ठोकळ्यांवर. ब्रेक दाबला की ते ठोकळे वाकतात. पापुद्रा कापणाऱ्या बारीक चिरा चांगल्या टायरांत असतात, पण फार चिरा दिल्या तर ठोकळाच दुबळा होतो. एकीकडे दिलं की दुसरीकडून काढून घ्यावं लागतं. रिलीजच्या आदल्या रात्री आम्ही हेच करतो, पण आमचा बग घाटात नसतो.

युरोपात नोव्हेंबर 2012 पासून टायरवर ओल्या पकडीची श्रेणी सांगणारं लेबल सक्तीचं झालं. त्यातून व्यावसायिक ऑफ-रोड टायर मात्र वगळले होते. भारतात ऑक्टोबर 2022 पासून नव्या रचनेच्या टायरांना ओल्या पकडीची किमान अट लागू झाली. आता माझ्या टायरच्या बाजूवर आकार, भार, वेग, बनल्याचा आठवडा, सगळं आहे. पास झाल्याची खूणही असते. किती गुणांनी, ते लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी साधे हायवेचे टायर घालतोय. मामाच्या घरापाशी शेवटचे दोन किलोमीटर चिखल आहे. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर पाठवायचं मामाने कबूल केलंय.