फटफटीची बखर

मराठी माणसाने मोटरसायकलीचे बारसे केले ते तिच्या आवाजावरून. चाकावरून नाही, वेगावरून नाही. फटफट करते म्हणून फटफटी! तेव्हा गेल्या दसऱ्याला माझा पुतण्या पुण्याहून डांबरी सडक आणि दगडधोंड्यांची पायवाट या दोहोंवर चालणारी नवी मोटरसायकल घेऊन जळकोटला आला आणि म्हणाला, "काका, हिचा सायलेन्सर बदलायचाय. पंचवीस हजार पडतील. आवाज बघा मग!" तेव्हा मला राग आला नाही. उलट जुन्या गोष्टी आठवल्या, त्याच वाचकांपुढे ठेवतो. दिवाळीत फटाक्यांचा विषय अप्रस्तुत ठरू नये.

इंजिनातून सुटणारा वायू दाबाखाली असतो. तो एकदम मोकळ्या हवेत आला, की कानठळ्या बसतात. त्याला नळ्या-कप्प्यांतून फिरवून शांत करणे, हे सायलेन्सरचे काम. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि तीच कल्पना पुढे इंजिनांना लावली. गंमत अशी, की त्याचे वडील मशीनगनचे जनक. बापाने जगाला जो गोंगाट दिला, तो निस्तरायला जणू मुलगा बसला!

इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानालगतचे रहिवासी आवाजाने इतके कावले, की १९२० च्या दशकात तिथल्या गाड्यांना डब्यासारखे मोठे सायलेन्सर सक्तीचे झाले. शर्यतवीर कुरकुरले, परंतु वेगाचे विक्रम व्हायचे थांबले नाहीत. आवाज म्हणजे शक्ती नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले.

मात्र नळीच्या आकाराला महत्त्व नाही, असे कोणी समजू नये. पूर्व जर्मनीतील वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोक इंजिनाला पोटाशी फुगीर आणि शेवटी निमुळती अशी नळी जोडली. बाहेर पडणाऱ्या वायूची लाट तीत आपटून मागे फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. लहानशा इंजिनातून तिप्पट जोर आल्यासारखे वाटावे, अशी ही करामत! पण ती गणिताने साधलेली होती, भोक पाडून नव्हे.

हे मला १९७८ साली ठाऊक नव्हते. त्या वेळी आमच्याकडे राजदूत होती. पोलिश गाडीवरून बेतलेली ही मोटरसायकल १९६२ पासून आपल्याकडे तयार होऊ लागली आणि खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहून तिने नाव कमावले. मी विशीतला. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली. आवाज असा झाला, की मी स्वतःवरच खूश! तुळजापूरच्या चढावर मात्र दोन कॅन घेऊन गाडी धापा टाकू लागली. ओढ गेली होती. उरला होता नुसता दणदणाट.

आजच्या गाड्यांत तर इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि धूर स्वच्छ करणारा भाग नळीतच बसवलेला असतो. नुसता सायलेन्सर बदलला तर दोन-चार किलो वजन घटेल. चढावर जाणवेल असा जोर क्वचितच मिळेल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याची मूळ घडण मनाप्रमाणे बदलू देत नाही.

मग जोडसामान सारेच व्यर्थ काय? मुळीच नाही. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली आणि सडक-रान दोन्हींची गाडी जगभर रुजली. आपल्याकडे २०१६ मध्ये हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स आली. या गाड्यांचा सायलेन्सर उंच चढवलेला असतो, तो ऐटीसाठी नव्हे. ओढ्याचे पाणी आणि दगड चुकवण्यासाठी. इंजिनाखालची जाड पत्र्याची ढाल, हाताची मूठ वाचवणारा गार्ड, भक्कम कॅरिअर, खडबडीत टायर यांचा पैसा वसूल होतो. आपले साडीगार्डच पाहा! मागे बसणाराचे कपडे चाकात अडकू नयेत, म्हणून असे संरक्षण १९८९ च्या नियमांनी सक्तीचे केले. गरजेतून जन्मलेली वस्तू अशी कायद्यात जाऊन बसते.

पण पुतण्याला मी यातले काहीच आधी सांगितले नाही. आधी सांगितली ती आजीची गोष्ट.

आमचे गाव सोलापूर-हैदराबाद सडकेवर. १९४८ पर्यंत मुलूख निजामाचा. रझाकारांच्या धास्तीने रात्री लांबून मोटारीची घरघर आली, की आजी पोरांना उठवून परसदारी नेई. १३ सप्टेंबरला भारतीय फौजेने नळदुर्गाजवळ बोरी नदीचा पूल शाबूत हाती घेतला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल जळकोटात शिरले, आणि पुढे दुपारी सव्वातीनला उमरग्यास पोचले. त्या इंजिनांनी सुटका आणली. पण दाराआड बसलेल्या बाईला आवाजावरून कसे कळावे, की आले ते कोण?

तीस वर्षांनी मी जाळी काढलेली राजदूत रात्री अकराला अंगणात आणली. आत गेलो तर आजी अंथरुणात उठून बसलेली, माझ्या धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरून विचारत होती, "कुणाच्या गाड्या हायत रं?"

दुसऱ्याच दिवशी मी जाळी परत बसवली.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, कॅरिअर आणि खालची ढाल घेतो. उरलेल्या पैशांत टायर होतील." यंदा धनत्रयोदशीला तो मध्यरात्री घरी आला. मला कळले ते फाटकाची कडी वाजली तेव्हा.