स्वर तोच, शब्द तीनदा : रशियन राष्ट्रगीताच्या संहितेचा इतिहास

राष्ट्रीय प्रतीकांचा विचार करताना ध्वज आणि राजचिन्ह यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. रशियाच्या बाबतीत मात्र राष्ट्रगीताची कथा अधिक बोलकी आहे. एकाच स्वररचनेसाठी तीन वेळा शब्द लिहिले गेले, तिन्ही वेळा त्यांत एकाच कवीचा हात होता, आणि मधली कित्येक वर्षे राष्ट्राने आपले गीत शब्दांवाचूनच ऐकले.

आरंभी तर स्वरही स्वतःचा नव्हता. १८१६ पासून झारच्या गौरवार्थ झुकोव्स्कीचे शब्द इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवर म्हटले जात. ल्वोव्हची स्वतंत्र चाल आली ती १८३३ साली. क्रांतीनंतर स्वीकारलेले ‘इंटरनॅशनल’ हे मूळ फ्रेंच गीत रशियनमध्ये आर्काडी कोट्सच्या अनुवादातून गायिले गेले. भाषांतरित गीत हे राष्ट्रगीत असावे, यात तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही, कारण राष्ट्र ही कल्पनाच तात्पुरती मानली जात होती.

महायुद्धाने ती भूमिका पालटली. मे १९४३ मध्ये कोमिन्टर्न विसर्जित झाले आणि १ जानेवारी १९४४ रोजी नवे गीत नभोवाणीवरून प्रसृत झाले. संगीत अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्हचे. ही चाल आधी बोल्शेविक पक्षाच्या गीताची होती. शब्द सेर्गेई मिखाल्कोव्ह आणि गाब्रिएल एल-रेगिस्तान यांचे. त्यांवर स्टालिनने स्वतः संस्कार केले. पहिल्याच कडव्यात अनेक प्रजासत्ताकांना एकत्र जोडण्याचे श्रेय ‘महान रूस’ला दिलेले आहे. ही ओळ ज्या दोघांच्या नावावर आहे त्यांतील एक आर्मेनियन वंशाचा होता, आणि त्याच्या टोपणनावात समरकंदच्या चौकाचे नाव होते, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

गीतात लेनिनच्या जोडीला स्टालिनचेही नाव होते. १९५६ च्या विसाव्या पक्षकाँग्रेसनंतर ते उच्चारणे अवघड झाले आणि १९७७ पर्यंत केवळ वाद्यसंगीत वाजत राहिले. सकाळी सहा वाजता आकाशवाणी सुरू होताना ऐकू येणारी ती धून लोकांच्या अंगवळणी पडली, शब्द मात्र मागे पडले. १९७७ मध्ये मिखाल्कोव्हनेच संहिता सुधारली, स्टालिन वगळला, सैन्याच्या जागी साम्यवादाचा विजय आला.

१९९० मध्ये रशियन प्रजासत्ताकाने ही धूनही सोडली आणि ग्लिंकाचे ‘देशभक्तिगीत’ निवडले. त्याच्या हस्तलिखितावरील शीर्षक फ्रेंचमध्ये आहे, ही गोष्ट उसन्या स्वराच्या जुन्या परंपरेशी जुळणारीच म्हणावी लागेल. स्पर्धा झाल्या, प्रस्ताव आले, पण अधिकृत शब्द काही मिळाले नाहीत. गीत वाजत असता मुकाट उभे राहावे लागते, अशी खेळाडूंची तक्रार होती.

२५ डिसेंबर २००० च्या कायद्यांनी पीटरच्या काळचा तिरंगा आणि तिसऱ्या इव्हानच्या १४९७ च्या मुद्रेवरचा द्विशिर गरुड यांच्या शेजारी अलेक्सांद्रोव्हची चाल पुन्हा बसविली. येल्त्सिनने जाहीर विरोध केला. रोस्त्रोपोविचसारख्या कलावंतांनीही केला. ज्यांच्या घरची माणसे छळछावण्यांतून परतली नाहीत त्यांच्या दृष्टीने ती निव्वळ चाल नव्हती. ३० डिसेंबरला शब्द मंजूर झाले, आणि ते सत्त्याऐंशी वर्षांच्या मिखाल्कोव्हचेच होते. लेनिन गेला, पक्ष गेला, पहिल्यांदाच ईश्वर आला.

या व्यवस्थेला सामान्यतः तडजोड म्हटले जाते. मला ती विस्मृतीची वाटणी वाटते : विसरण्याचे काम शब्दांकडे सोपविले गेले आणि आठवण्याचे स्वराकडे. परंतु संहितेचे बारकाईने वाचन केल्यास शब्दांनीही सारेच विसरलेले नाही. ध्रुवपदाची पहिली ओळ तिन्ही पाठांत जशीच्या तशी आहे. तिचा आरंभ ‘स्लावस्या’ या जयजयकारवाचक क्रियापदाने होतो. हेच क्रियापद ग्लिंकाच्या ‘झारसाठी जीवन’ (१८३६) या संगीतिकेच्या अंतिम समूहगानात झारला उद्देशून येते. १९३९ मध्ये गोरोदेत्स्कीने त्या संगीतिकेची संहिता नव्याने रचली, तिचे नाव ‘इव्हान सुसानिन’ झाले, झार वगळला गेला. क्रियापद तेवढे जागच्या जागी राहिले.