चुकीचा जंतू, अचूक तत्त्व

मेलेला जंतू टोचून रोगापासून संरक्षण मिळते का? आज आठवीतला विद्यार्थीही या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे देईल. रेबीजची लस, डांग्या खोकल्याची लस, पोलिओची टोचून द्यायची लस यांत मेलेले किंवा निष्क्रिय केलेले जंतूच असतात. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ही गोष्ट मुळीच उघड नव्हती. ती प्रयोगाने सिद्ध झाली ती डुकरांच्या एका साथीमुळे. गंमत अशी, की ज्या जंतूवर हा प्रयोग झाला तो त्या साथीचे खरे कारण नव्हताच!

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मका पिकवणाऱ्या प्रदेशात डुकरांचे कळपच्या कळप एका रोगाने मरत. जनावर खाणे सोडी, त्याला सडकून ताप येई, जुलाब होत, कानांवर व पोटावर तांबडे-जांभळे चट्टे उमटत. शेतकरी या रोगाला 'हॉग कॉलरा' म्हणत. माणसाच्या पटकीशी त्याचा काही संबंध नाही. आपण त्याला वराहज्वर म्हणू. जनावरांच्या अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकी सरकारने १८८४ मध्ये एक पशुविभाग स्थापन केला. त्याचे प्रमुख होते पशुवैद्य डॅनियल सामन आणि प्रयोगशाळेचे काम पाहत होता विशीतला तरुण डॉक्टर थिओबाल्ड स्मिथ.

त्या वेळी लशीचा एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला जंतू. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि त्यांचा सहकारी लुई थुइलिए यांनी १८८२-८३ मध्ये डुकरांच्याच 'रूझे' नावाच्या दुसऱ्या एका रोगावर काम केले होते. त्या रोगाचा जंतू एका सशातून दुसऱ्या सशात असा वारंवार नेला की तो सशांना अधिक घातक होई, पण डुकरांसाठी सौम्य बनत जाई. हा सौम्य जंतू टोचून डुकरांना वाचवता येत असे. जंतू जिवंत असला पाहिजे, शरीरात थोडाफार वाढला पाहिजे, तरच संरक्षण मिळेल, अशी तेव्हाची समजूत होती.

स्मिथला आजारी डुकरांच्या अवयवांत एक जिवाणू वारंवार आढळला. तोच रोगाचे कारण असावा असे सामन व स्मिथ यांनी ठरवले. पुढे त्यांनी हा जिवाणू द्रवात वाढवला, उष्णता देऊन मारला आणि तो द्रव कबुतरांना टोचला. काही दिवसांनी त्याच कबुतरांना जिवंत जिवाणू टोचले. लस न दिलेली कबुतरे मेली, लस दिलेली जगली. १८८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतू जिवंत असण्याची गरजच नव्हती!

असे का व्हावे, याचे उत्तर आज आपल्याला देता येते. शरीरात जंतू शिरला की प्रथम भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याचे तुकडे लसिकाग्रंथींत पोचवले जातात. तिथे असंख्य पांढऱ्या पेशी असतात, आणि प्रत्येकीला एका विशिष्ट आकाराचा रेणू ओळखता येतो. ज्यांना समोरचा रेणू ओळखू येतो त्या पेशी झपाट्याने वाढतात. त्यांपैकी बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशी या कामाला दिशा देतात आणि जंतूंनी ग्रासलेल्या पेशींना मारतात. काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. डुकराच्या लसिकाग्रंथींची अंतर्रचना इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या उलट असते. इतरांत जो भाग बाहेरच्या बाजूला असतो तो डुकरात आत असतो. पण काम तेच चालते. या साऱ्यात ओळख पटते ती रेणूच्या आकाराची. बेताची उष्णता दिली तर जंतू मरतो, पण त्याच्या आवरणावरचे बरेचसे रेणू टिकून राहतात. ओळख पटायला तेवढे पुरते.

हे तत्त्व दहा वर्षांत युरोपातील प्रयोगशाळांत रुजले आणि पटकी व विषमज्वर यांच्या मृत जंतूंच्या लशी तयार होऊ लागल्या. महाराष्ट्राला त्याची गरज पडली ती १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला तेव्हा. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम सुरू केले. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना झुंबरासारखे लोंबकळत वाढत. मग तो काढा तापवून जिवाणू मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. संरक्षण पुरते नव्हते, पण लागण आणि मृत्यू दोन्ही घटले. परळची हाफकिन संस्था या कामातून उभी राहिली.

इकडे अमेरिकेत डुकरे मात्र मरतच होती. कबुतरांना त्या जिवाणूपासून वाचवणारी लस डुकरांना वराहज्वरापासून वाचवू शकली नाही. शेवटी १९०३ मध्ये द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकरांचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले. गाळलेल्या रक्तात स्मिथचा जिवाणू नव्हता, तरी त्याने निरोगी डुकरांना रोग झाला. रोगाचे कारण जिवाणूहून कितीतरी लहान होते. तो विषाणू होता.

या वादाचा निकाल बऱ्याच अंशी प्रतिकारक्षमतेनेच लावला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गाळलेल्या रक्ताने आजारी पडून जी डुकरे वाचली, त्यांना पुढे साथीतला रोग झाला नाही. नुसत्या जिवाणूने आजारी पडून वाचलेल्या डुकरांना मात्र तो होऊ शकत होता. म्हणजे त्यांच्या शरीराने खऱ्या शत्रूला पाहिलेच नव्हते.

मग स्मिथला तो जिवाणू इतक्या डुकरांत का सापडला? वराहज्वराचा विषाणू संरक्षण करणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. तो भक्षक पेशींत वाढतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या कोसळते. पहारेकरीच पडले की एरवी दबून असलेले जिवाणू माजतात. स्मिथने पाहिले ते खरेच होते. पण तो चोर नव्हता. दार उघडे सापडले म्हणून मागाहून घरात शिरलेला होता. या जिवाणूच्या कुळाला पुढे सामन यांच्या नावावरून 'साल्मोनेला' हे नाव मिळाले. माणसाच्या विषमज्वराचा जिवाणूही त्याच कुळातला.

वराहज्वरावर मृत विषाणूच्या लशींचा प्रभाव तोकडा पडला. तिथे पाश्चरांची जुनी युक्ती, म्हणजे सशांतून वारंवार नेऊन सौम्य केलेला जिवंत विषाणू, कामी आली. भारतात अशी लस १९६४ पासून वापरात आली. परंतु एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम ५० मात्रा निघत. देशाची गरज वर्षाला २ कोटी २० लाख मात्रांची आणि उत्पादन सुमारे १२ लाखांचे. हा पेच सोडवण्यासाठी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होणारी लस विकसित केली; ती २०२० मध्ये जाहीर झाली. या संस्थेचा जन्म १८८९ मध्ये पुण्यात, तिथल्या विज्ञान महाविद्यालयात झाला होता; १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलली. वडार, कैकाडी यांसारख्या समाजांतील ज्या कुटुंबांची पुंजी म्हणजे चार-सहा डुकरे, त्यांच्यासाठी एका मात्रेची किंमत आणि उपलब्धता हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

लस हाताशी असली तरी ती केव्हा द्यायची हे ठरवावे लागते. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे पिलाकडे जात नाहीत, त्यामुळे पिलू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ आईची शिदोरी नसते. ती मिळते पहिल्या चिकातून. हा चीक पहिल्या २४ ते ३६ तासांत पोटात जावा लागतो, कारण त्यानंतर आतड्याची दारे प्रतिपिंडांना बंद होतात. गायीच्या वासराचेही असेच असते. फुलंब्रीसारख्या गावातल्या मुलांना चीक म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. खरवस करण्याआधी वासराला त्याचा वाटा का द्यायचा, हे मात्र जरूर सांगावे. पण हीच शिदोरी लशीच्या आड येते. आईची प्रतिपिंडे लशीतल्या विषाणूलाही निकामी करतात, म्हणून लस दिलेल्या डुकरिणींच्या पिलांना ती साधारण दोन महिन्यांची झाल्यावर टोचतात. माणसाच्या बाळाला गोवराची लस नवव्या महिन्यानंतर देतात, त्यामागेही हेच कारण आहे. फरक इतकाच, की बाळाला ही प्रतिपिंडे मुख्यतः वारेतून मिळालेली असतात.

वर्गात हा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. स्मिथने सिद्ध काय केले, आणि गृहीत काय धरले? मेलेला जंतू संरक्षण देतो हे त्याने तुलनेच्या प्रयोगाने सिद्ध केले. रोग्यात सापडणारा जंतू हाच रोगाचे कारण, हे त्याने गृहीत धरले. पहिली गोष्ट टिकली, दुसरी ढासळली. हा भेद आजही उपयोगी आहे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात डुकरांमध्ये आफ्रिकन वराहज्वर आढळला. लक्षणे जवळजवळ तीच, नावही तेच, पण विषाणू अगदी वेगळ्या कुळातला. जुन्या वराहज्वराची लस त्याच्यापुढे चालत नाही. नुसते चट्टे आणि ताप पाहून दोन्ही रोग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच करावी लागते.